परीवर निळा, चेटकिणीवर हिरवा

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनाला जा, एक दृश्य हमखास दिसतं. पडदा सरकतो आणि प्रेक्षागृहात मोबाइलचे फ्लॅश एकापाठोपाठ एक लखलखू लागतात. त्यांतला एकही रंगमंचावरच्या मुलाच्या कामी येत नाही. हिशेब सरळ आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. पुढच्या रांगेतल्या काकांचं डोकं तुमच्यापासून एक मीटरवर आणि तुमची कन्या बारा मीटरवर असेल, तर काकांना मिळालेल्या प्रकाशाचा १४४वा हिस्सा कन्येच्या वाट्याला येतो. घरी येऊन फोटो उघडावा तर काकांचं टक्कल झळकतंय आणि त्यापलीकडे काळोखात कोणीतरी हात वर करून उभं आहे.

एखादा दणकट फ्लॅश तिथवर पोचलाच, तरी नुकसानच. प्रकाशयोजना करणाऱ्याने संध्याकाळ दाखवायला लावलेला केशरी रंग, जंगलाचा हिरवट अंधार, राजवाड्यातला कोपऱ्यातून येणारा उजेड, हे सगळं त्या एका पांढऱ्या झटक्यात पुसलं जातं आणि पार्श्वभूमीचा रंगवलेला पडदा रंगवलेला पडदाच दिसतो. शिवाय आठ वर्षांचं मूल संवाद म्हणत असताना डोळ्यांवर फ्लॅश बसला की पुढचं वाक्य विसरतं ते वेगळंच. म्हणून फ्लॅश बंद. उरतो तो लाइटवाल्याने दिलेला उजेड.

तो किती असतो? दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. नाट्यगृहातल्या चांगल्या उजळ प्रवेशात नटाच्या चेहऱ्यावर काहीशे लक्स पडतात. शाळेच्या सभागृहात त्याहून कमी, आणि रात्रीच्या निळ्या प्रवेशात तर अगदीच थोडे. ३०० लक्सचा प्रवेश धरू. नाचणारं मूल फोटोत हललेलं दिसू नये यासाठी शटर १/२५० सेकंद ठेवलं आणि लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ २.८ असेल, तर आयएसओ सुमारे २५०० लागतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची लेन्स पूर्ण झूम केली की तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६वर येतं, मग त्याच फोटोला आयएसओ १०,००० लागतो. उलट ५० एमएम एफ १.८ ही बाजारातल्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक. ती लावली तर १००० च्या आसपास काम भागतं. महागडा झूम घेण्याआधी हे आकडे एकदा समोर मांडून पाहावेत. झूम होत नाही म्हणून या लेन्सला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. चार रांगा पुढे जाऊन बसणं हाही झूमच आहे, आणि तो फुकट आहे.

आयएसओ वाढवायला लोक घाबरतात, कारण फोटोत दाणे येतात. पण दाणे आयएसओमुळे येतात हा समज पुरता खरा नाही. पहिल्या पावसाच्या तुरळक सरीत अंगणात सारख्या वाट्या मांडल्या तर एका वाटीत सात थेंब पडतील, शेजारच्या वाटीत अकरा. धो धो पावसात मात्र सगळ्या वाट्या जवळजवळ सारख्याच भरतील. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका ही अशी वाटी. तिच्यात सरासरी १०,००० प्रकाशकण पडत असतील तर कमीजास्त साधारण १०० कणांचं, म्हणजे एक टक्का. शंभरच पडत असतील तर कमीजास्त दहाचं, म्हणजे दहा टक्के. डोळ्यांना खुपतो तो हा दहा टक्क्यांचा गोंधळ. तो कमी प्रकाशाचा आहे, आयएसओ फक्त त्याला मोठा करून दाखवतो. आयएसओ कमी ठेवून काळपट फोटो काढला आणि घरी संगणकावर उजळला, तर दाणे तेवढेच येतात, बहुधा थोडे जास्तच. तेव्हा ३२०० किंवा ६४०० ठेवायला कचरू नये. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला सुधारत नाही. फिल्मच्या जमान्यात रंगभूमीचे फोटो काढणारे कोडॅकची ट्राय-एक्स ही ४०० आयएसओची फिल्म १६०० समजून वापरायचे आणि धुताना जास्त वेळ रसायनात ठेवायचे. फोटोत मोहरीएवढे दाणे यायचे आणि कोणी तक्रार करत नसे. १९८८ मध्ये कोडॅकने टी-मॅक्स पी ३२०० आणली तेव्हा हेच काम जरा सोपं झालं. आजचा साधा कॅमेराही त्या फिल्मच्या कितीतरी पुढे आहे.

मुलं हलतात, आणि नाटकातली मोठी माणसं हलतात तशी हलत नाहीत. कसलेला नट वाक्याच्या शेवटी थांबतो, वळण्याआधी क्षणभर तोल घेतो. मुलाचे हात वाक्य संपल्यावरही चालूच असतात. तरी त्यांच्या हालचालीतही थांबे असतात, आणि ते आधी ओळखता येतात. उडीचंच घ्या. वीसेक सेंटिमीटर उंच उडणारं मूल जमीन सोडताना सेकंदाला सुमारे दोन मीटर वेगाने वर जात असतं. १/१२५ शटरलाही तेवढ्यात ते दीड सेंटिमीटर सरकतं. पण उडीच्या माथ्यावर त्याचा वर जाण्याचा वेग शून्य होतो. त्या क्षणी १/६० शटर चाललं तरी धड मिलिमीटरभरही हलत नाही. हातपाय हलतील, चेहरा स्वच्छ येईल. लेझीम, कोळीनृत्य, गोफ यांत ठेक्यावर हात क्षणभर टिकतात. भरतनाट्यम किंवा कथकच्या तुकड्यात समेवर सगळं शरीर थांबतं. तिथे बोट दाबायचं तर ते समेच्या किंचित आधी दाबावं लागतं, कारण डोळ्यांनी पाहून बोट दाबेपर्यंत पाव सेकंद निघून जातो. ज्याला ताल कळतो त्याचे नाचाचे फोटो चांगले येतात, हे कॅमेऱ्याच्या कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. सलग दहा फोटो खटाखट काढण्याची सोय आहे खरी, पण शांत प्रवेशात तो आवाज शेजारच्या सहा माणसांना ऐकू जातो.

आता उजेड मोजण्याचा भाग. कॅमेरा चौकटीतला सगळा प्रकाश पाहून सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. मागे काळा पडदा, मध्ये एका स्पॉटमध्ये उभा असलेला छोटा शिवबा; चौकटीचा बहुतेक भाग काळा. कॅमेऱ्याला वाटतं सगळाच अंधार आहे, तो फोटो उजळत नेतो, पडदा राखाडी होतो आणि शिवबाचा चेहरा पांढराफटक. मागे सायक्लोरामा, म्हणजे उजळलेला कोरा पडदा, असेल तर याच्या नेमकं उलट होतं आणि मुलांच्या सावल्या उरतात. उपाय दोन: स्पॉट मीटरिंगने फक्त चेहरा मोजणे, किंवा पहिल्या दोन मिनिटांत मोजून सगळं मॅन्युअलवर कायम ठेवणे आणि प्रकाश बदलेल तसं एकच चाक फिरवणे. दुसरा उपाय मला जास्त पटतो, कारण मागचा पडदा बदलला तरी चेहऱ्यावरचा उजेड तोच असतो.

परदेशी पुस्तकांत एक सल्ला वारंवार येतो: चेहऱ्यावर मोजा आणि एक स्टॉप वाढवा, म्हणजे दुप्पट प्रकाश द्या. तो गोऱ्या कातडीसाठी आहे. गोरी त्वचा मध्यम करड्यापेक्षा साधारण दुप्पट प्रकाश परतवते. आपल्याकडच्या बहुतेक मुलांची गव्हाळ-सावळी त्वचा त्या करड्याच्या आसपासच असते. तिथे एक स्टॉप वाढवला तर चेहरे जळतात. मात्र संमेलनाच्या दिवशी एक अडचण येते. रंगभूषेच्या नावाखाली मुलांच्या तोंडाला जो पांढरा थर फासलेला असतो, त्याने हा सगळा हिशेब पुन्हा बदलतो. कान आणि मान सावळी, चेहरा चुन्यासारखा. अशा वेळी कॅमेऱ्याने चेहऱ्याकडे पाहून मोजावं आणि छायाचित्रकाराने मानेकडे पाहू नये, एवढंच.

खरी परीक्षा रंगीत प्रकाशाची. तो कुठून आला ते आधी पाहू. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. मराठी बालरंगभूमीवर पऱ्या, राक्षस, जादूगार आणि चेटकिणींनी मुक्काम ठोकला तो अशा नाटकांतून. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली आणि ती अजून लोकांच्या तोंडी आहे. अद्भुत आलं की दिव्यांवर रंगीत जिलेटिन आलं. परीवर निळा, चेटकिणीवर हिरवा, राक्षसावर लाल हा शाळाशाळांतल्या लाइटवाल्यांचा ठरलेला मेनू आहे. प्रेक्षागृहातून ते छान दिसतं, कारण डोळा जुळवून घेतो. कॅमेरा जुळवून घेत नाही, आणि त्याचं कारण त्याच्या घडणीत आहे.

सेन्सरवरच्या ठिपक्यांना मुळात रंग कळत नाही. त्यांच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी शोधलेल्या या मांडणीला १९७६ मध्ये पेटंट मिळालं आणि आज बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांत तीच आहे. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. आता रंगमंचावर फक्त गडद निळा एलईडी लावला, तर चारपैकी एकच ठिपका नीट काम करतो. उरलेले तीन जवळजवळ अंधारात. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला ६ मेगापिक्सेलच कामाला लावता येतात, त्यातही निळे ठिपके तुडुंब भरून ओसंडतात आणि चेहऱ्यावरचे बारकावे वाहून जातात. स्क्रीनवरचा साधा पांढरा आलेख (हिस्टोग्राम) अशा वेळी सगळं ठीक आहे असं सांगतो, कारण तो तिन्ही रंगांची मिसळ दाखवतो. तीन रंगांचे वेगळे आलेख उघडले तरच निळा उजव्या भिंतीला टेकलेला दिसतो. तो टेकला असेल तर एक्स्पोजर एक-दीड स्टॉप खाली आणायचं. फोटो काळपट वाटला तरी चालेल, नक्षी वाचेल. ऑटोफोकसही या प्रकाशात भांबावतो, कारण त्याला पकडायला छटांचा फरकच मिळत नाही. मुलाच्या पोशाखावरची पांढरी किनार किंवा चमकती टिकली धरून फोकस करावा.

लाल प्रकाश वेगळीच गंमत करतो. त्वचा लाल रंग भरपूर परतवते, ओठांची लाली तर परतवतेच, गालांवरचा रूजही. त्यामुळे तापलेल्या लाल दिव्याखाली ओठ, गाल, नाक सगळं एका छटेचं होतं आणि राक्षसाचा चेहरा सपाट टोमॅटो दिसतो. निळ्या प्रकाशात नेमकं उलटं: लाल काहीच परतवत नाही म्हणून ओठ आणि कपाळावरचं कुंकू काळं पडतं, गालांवर मारलेला गुलाबी गोल डागासारखा उमटतो. हिरव्यातही लाली काळपटते. चेटकिणीला ते शोभतं, पण त्याच प्रवेशात शेजारी उभी असलेली राजकन्या आजारी वाटते. रंगभूषा करणाऱ्या ताईंना आधी कळवता आलं की निळ्या प्रवेशातल्या परीच्या गालांवर रूज जरा कमी ठेवा, तर फोटोचाच नव्हे, नाटकाचाही फायदा होतो.

इथे माझं मत जरा हट्टी आहे. रंगीत प्रवेशात सलग फोटो काढू नयेत. निळी रात्र चार मिनिटांची असली तरी तिच्यात कुठेतरी एक पांढरा किंवा पिवळसर दिवा येतो: कंदील, चूल, परीच्या छडीवरचा फॉलो स्पॉट. तेवढा थोडासा पांढरा प्रकाश चेहऱ्याच्या एका कडेला लागला की तिन्ही प्रकारचे ठिपके जागे होतात आणि निळा हा वातावरणाचा रंग राहतो, चेहऱ्याचा होत नाही. त्या क्षणासाठी थांबावं. तो आलाच नाही, तर फोटो रॉमध्ये काढून घरी कृष्णधवल करावा. तेही सरसकट नव्हे. ज्या रंगाचे ठिपके ओसंडलेले नाहीत, त्यांच्यातूनच कृष्णधवल बनवावा. लाल प्रवेशात हिरव्या ठिपक्यांत थोडाफार चेहरा शिल्लक असतो.

पांढऱ्या प्रकाशातही सगळे पांढरे सारखे नसतात. जुन्या नाट्यगृहांतले हॅलोजनचे पार दिवे आणि स्पॉट सुमारे ३२०० केल्विनचे, पिवळसर; डिमर खाली ओढला की आणखी तांबूस. फॉलो स्पॉट बहुधा निळसर पांढरा. ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक फोटोत नव्याने तडजोड करतो आणि एकाच प्रवेशाचे पाच फोटो पाच रंगांचे येतात. ३२०० किंवा लाइटला साजेसा एक आकडा ठरवून नाटक संपेपर्यंत तोच ठेवला, की घरी सगळ्यांची दुरुस्ती एकदम होते.

एलईडीने भाड्याचा आणि विजेचा खर्च कमी केला, पण एक नवं दुखणं आणलं. हॅलोजनची तार तापलेली राहते, त्यामुळे आपल्या ५० सायकलच्या विजेचा चढउतार तिच्या उजेडात फारसा जाणवत नाही. स्वस्त एलईडी दिवा मंद होताना प्रत्यक्षात उजेड कमी करत नाही. तो सेकंदाला शेकडो वेळा पेटतो-विझतो, आणि विझलेला वेळ वाढवतो. डोळ्यांना मंद दिसतं. आवाज नको म्हणून कॅमेऱ्याचं सायलेंट शटर लावलं, की घोळ होतो. सायलेंट शटर सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचतं आणि साध्या मिररलेस कॅमेऱ्यात त्याला साधारण १/३० ते १/१५ सेकंद लागतात. वाचायला १/२० सेकंद आणि दिवा सेकंदाला ४०० वेळा उघडझाप करणारा, तर एका फोटोत २० आडवे पट्टे. यांत्रिक शटर लावलं की पट्टे बहुतेक जातात. शटरचा वेग १/१२५ च्या आसपास आणला की आणखी कमी होतात. मागे एलईडी स्क्रीनवर किल्ल्याचं चित्र फिरत असेल तर तीही हाच उपद्रव देते. याला ऐन वेळी उत्तर शोधत बसू नये. दोन फोटो काढून मोठे करून पाहावेत आणि ठरवावं.

एवढं सगळं जमवूनही बालनाट्याचे फोटो मोठ्यांच्या नाटकापेक्षा अवघड जातात. त्याचं मूळ रंगमंचावर आहे. दिवे लावताना लाइटवाला स्वतः किंवा त्याचा सहायक मध्यभागी उभा राहतो आणि त्याच्या तोंडावर स्पॉट बसवला जातो. तो साडेपाच फुटांचा. नंतर तिथे साडेतीन फुटांचं मूल येतं. उजेडाचा सगळ्यात दाट भाग त्याच्या डोक्यावरून जाऊन मागच्या पडद्यावर पडतो. मोठा नट असता तर त्याने पाऊलभर पुढेमागे होऊन लाइट घेतला असता. अनुभवी नटाला कपाळावरच्या उष्णतेवरून कळतं की आपण उजेडात आहोत की नाही. मुलांना हे माहीतच नसतं. ‘ग्रिप्स’च्या नाटकांत ही अडचण येत नाही. बर्लिनच्या त्या रंगभूमीची पद्धत डॉ. मोहन आगाशे यांनी १९८० च्या दशकात पुण्यात आणली, आणि तिच्यात मुलांच्या भूमिका मोठी माणसंच करतात.

शिवाय वरून येणारा उजेड. नाट्यगृहात प्रेक्षागृहाच्या बाजूने तिरका, चेहऱ्यावर पडेल असा प्रकाश टाकायची सोय असते. शाळेच्या मैदानात मांडव घालून केलेल्या स्टेजवर दिवे बहुधा डोक्यावरच्या आडव्या पट्टीला टांगलेले. मग कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळतो, डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे. पण मूल हनुवटी उचलून वर पाहतं तेव्हा तोच प्रकाश सुंदर पडतो. संहितेत असे क्षण हेरून ठेवता येतात: चंद्राकडे पाहणं, झाडावरच्या माकडाला हाक मारणं, गाण्यातला वरचा सूर, राक्षसाशी मान वर करून बोलणं. छोट्या मुलाचं नाटकात मोठ्या मुलाशी संभाषण असेल तर छोट्याच्या चेहऱ्यावर आपोआप उजेड येतो आणि मोठ्याचा अंधारात जातो. कोणाचा फोटो केव्हा काढायचा हे तिथेच ठरलं.

आणखी एक बाब जिच्याकडे पालकांचं लक्ष नसतं: बाई कुठल्या विंगेत उभ्या आहेत? प्राथमिकच्या नाचात वर्गशिक्षिका विंगेत उभ्या राहून सगळ्या हालचाली करून दाखवत असतात आणि तीसांतल्या बहुतेक मुलांचे डोळे तिकडेच लागलेले असतात. तुम्ही उलट्या बाजूला बसलात तर नुसते कान मिळतील. बाईंच्या बाजूला बसावं. उरलेल्यांत दोन-तीन मुलं जमिनीवरची खडूची खूण शोधत असतात आणि एखादं प्रेक्षागृहात आईला शोधतं. आईनेच कॅमेरा धरला असेल तर ते एक मूल थेट लेन्समध्ये पाहतं. फोटो गोड येतो, नाटकाचा मात्र राहत नाही.

बसण्याच्या जागेचं म्हणाल तर पहिली रांग वाईट. रंगमंच छातीच्या उंचीला असतो, त्यामुळे खालून वर पाहताना नाकपुड्या दिसतात, पाय कापले जातात आणि पुढे ठेवलेले माइक मध्ये येतात. चौथ्या ते सहाव्या रांगेच्या आसपास डोळा मुलांच्या पातळीला येतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १० मीटरवरून २०० एमएमच्या लेन्सने आडव्या चौकटीत चार फुटांचं मूल डोक्यापासून पायांपर्यंत नेमकं मावतं, जराही जागा न उरता. ८५ एमएममध्ये चार मीटर रुंदीचा रंगमंच येतो, म्हणजे पाच-सहा मुलांचा घोळका. मला ८५ जास्त आवडतो. नाटक माणसांच्या मधल्या जागेत घडतं आणि २०० एमएम ती जागा कापून टाकते.

या सगळ्यावर एक उपाय असा आहे की त्यापुढे लेन्स आणि आयएसओची चर्चा फिकी पडते: रंगीत तालीम. त्या दिवशी पोशाख असतात, रंगभूषा बहुधा असते, दिवे असतात आणि प्रेक्षक नसतात. विंगेत जाता येतं, रंगमंचाला टेकून उभं राहता येतं, शटरचा आवाज कोणाला टोचत नाही. परवानगी शिक्षकांकडून आधी घ्यावी आणि मधल्या वेळात लाइटवाल्याजवळ जाऊन उभं राहावं. ‘दादा, वनातल्या प्रवेशाला काय लावणार?’ एवढं विचारलं तरी तो आपणहून सगळं सांगतो. त्याला सहसा कोणी काही विचारतच नाही. कितव्या गाण्याला निळा, ब्लॅकआउट कुठे, फॉलो स्पॉट कोणावर, हे कागदावर टिपून घेतलं की प्रयोगाच्या दिवशी अंधार होण्याआधीच बोट चाकावर असतं. एखादा भला लाइटवाला मुलांची उंची लक्षात आणून दिल्यावर स्पॉट चार बोटं खालीही करून देतो. मग सगळ्यांचेच फोटो सुधारतात, मोबाइलवाल्यांचेही.

मोबाइलवाल्यांना एवढंच सांगतो. नाइट मोड बंद. तो अनेक फोटो एकावर एक रचतो आणि हलत्या मुलाला चार हात फुटतात. झूमची वेगळी लेन्स अंधारात कमकुवत असते, कारण तिचा सेन्सर लहान असतो. मुख्य लेन्सने काढून नंतर कापलेला फोटो बरेचदा सरस ठरतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच अडकतो, मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करायचा. स्क्रीनची चमक मात्र आधी घटवा. मागच्या रांगेतल्यांनी तुमच्या मुलीचं नाटक तुमच्या मोबाइलमधून पाहण्यासाठी पैसे भरलेले नसतात.

आणि फोटो पाठवण्याआधी चौकटीत आणखी कोण आहे ते पाहावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक मानलं आहे आणि तिची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. घरगुती वापर त्यातून वगळला आहे, हे खरं. पण शाळेचं फेसबुक पान म्हणजे घर नव्हे, आणि दुसऱ्याच्या मुलाचा पगडी घसरलेला फोटो शंभर जणांच्या गटात टाकण्याला कायदा लागत नसला तरी विचारायला काय हरकत आहे?

सगळ्यात चांगला प्रकाश शेवटी येतो आणि बहुतेक जण तोवर कॅमेरा पिशवीत टाकून बसलेले असतात. नाटक संपल्यावर अभिवादनासाठी सगळी मुलं ओळींत उभी राहतात, लाइटवाला सगळे दिवे पूर्ण देतो, रंगीत जिलेटिनं बंद. इथे दोन-तीन रांगा एकदम स्पष्ट हव्यात. ८५ एमएम एफ १.८ला १० मीटरवर जेमतेम दीड मीटर खोली स्पष्ट येते. एफ ४ केलं की तीन मीटरच्या वर. मुलं उभीच असल्यामुळे शटर १/१२५ पुरतं, आयएसओ फारसा चढत नाही. मध्यभागी उभ्या असलेल्या मुलावर फोकस न धरता पुढच्या आणि मागच्या रांगेच्या मध्ये धरावा, आणि एकावर न थांबता पाच-सहा फोटो काढावेत, कारण तीस मुलांत प्रत्येक फोटोत कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले असतातच.